तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, एजन्सी कुठली घेऊ?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्या बहुतेक आपल्या मराठी मुली, ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलेल्या, पहिल्या हॉस्पिटलचा बाँड संपत आलेला, आणि आता ट्रॅव्हल नर्सिंग करायचंय, म्हणजे एजन्सीमार्फत वेगवेगळ्या गावच्या हॉस्पिटलांत काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर काम. परवा एकीने दोन स्क्रीनशॉट पाठवले. एकावर आठवड्याला २,०२० डॉलर, दुसऱ्यावर २,११०. खाली लिहिलेलं, ताई मी दुसरीला हो म्हणते, चालेल ना? मी नीट बघितलं तर शहर तेच, टेलिमेट्रीच (जिथे पेशंटचं हृदय सतत मॉनिटरवर असतं तो वॉर्ड), नाईटच, सुरू व्हायची तारीखही तीच. म्हणजे जॉब एकच होता, दोन एजन्सी तोच विकत होत्या.

हे आधी समजून घ्या. मोठी हॉस्पिटलं आपल्या रिकाम्या जागा बऱ्याचदा मधल्या एका कंपनीकडे देतात आणि ती कंपनी त्याच जागा कितीतरी एजन्सींना पाठवते. हॉस्पिटल तासामागे एक बिल रेट देतं, त्यातून एजन्सी स्वतःचा वाटा, इन्शुरन्स, टॅक्स काढते आणि उरलेलं तुमच्यापर्यंत येतं. त्यामुळे "सगळ्यात चांगली एजन्सी" असं नाव मी कुणालाच सांगत नाही. मला जे विचारायला हवं असं वाटतं ते वेगळंच आहे, की या युनिटवर मला रात्री किती पेशंट मिळणार आणि काही बिनसलं तर माझ्या बाजूने फोन कोण करणार.

मी २०१९ पासून ट्रॅव्हल करतेय. घर टेक्सासमध्ये, नवरा आणि मुलगा तिथेच, मी १३ आठवडे बाहेर, मग थोडे दिवस घरी, मग परत. तिसऱ्या असाइनमेंटला मी गाडीत कुकर, इंडक्शन, पांघरुणं भरून दोन दिवस ड्राईव्ह करून एका थंड राज्यात गेले होते. तीन महिन्यांचं भाडं ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात शिफ्टला निघायच्या तासभर आधी मेसेज आला की पेशंट कमी झालेत, कॉन्ट्रॅक्ट रद्द, आज येऊ नका. बस, एवढंच. मी एजन्सीच्या रिक्रूटरला फोन लावत राहिले, तीच मुलगी जी सही होईपर्यंत दिवसातून चारदा "हाय डिअर" करायची, तिने दोन दिवस उचलला नाही. मग कॉन्ट्रॅक्ट उघडून वाचलं, आणि खरं तर तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण वाचलं, तर त्यात हॉस्पिटल कधीही रद्द करू शकतं असं स्पष्ट लिहिलेलं आणि मी सोडलं तर मात्र मला दंड. घरमालकिणीने अर्धं भाडं परत दिलं, तिचे उपकार. त्या रात्री मी त्या परक्या खोलीत बसून इतकी रडले की अजून आठवतं.

तेव्हापासून रद्द करायचं कलम मी सगळ्यात आधी वाचते. हॉस्पिटलने किती दिवसांची नोटीस द्यायची, आणि गॅरंटीड अवर्स, म्हणजे पगार नक्की मिळेल असे तास, किती. ३६ तासांचं कॉन्ट्रॅक्ट असेल पण दर आठवड्याला एक शिफ्ट "लो सेन्सस", म्हणजे पेशंट कमी, म्हणून बिनपगारी रद्द करता येत असेल तर ते मुळात २४ तासांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, आणि तुम्ही भाडं मात्र पूर्ण भरणार. काही ठिकाणी दोन आठवड्यांत एकच शिफ्ट रद्द करता येते, काही ठिकाणी एकही नाही. हे फोनवर कुणी गोड बोलून सांगितलं तरी मोजायचं नाही, कागदावर असेल तेच खरं.

आता त्या ९० डॉलरचं. तिला मी दोन्हीकडून फोड मागवायला सांगितली. २,११० वाल्यात तासाचा टॅक्स लागणारा रेट २० डॉलर, म्हणजे ३६ तासांचे ७२०, आणि बाकी १,३९० घराचा नि जेवणाचा स्टायपेंड, म्हणजे भत्ता. २,०२० वाल्यात रेट ३० डॉलर, म्हणजे १,०८०, आणि स्टायपेंड ९४०. आता ही मुलगी दर आठवड्याला चौथी शिफ्ट उचलणारी, घरी पैसे पाठवायचे असतात तिला. ४० तासांनंतर दीडपट मिळतं, पण बऱ्याच एजन्सी ते दीडपट या छोट्या रेटवर धरतात. २,११० वाल्या हिशोबाने चौथ्या शिफ्टच्या १२ तासांचे ४ गुणिले २० आणि ८ गुणिले ३०, झाले ३२०. २,०२० वाल्या हिशोबाने ४ गुणिले ३० आणि ८ गुणिले ४५, झाले ४८०. म्हणजे दिसायला कमी असलेली ऑफर तिला, टॅक्स कापण्याआधी धरलं तर, महिन्याला जास्त देणार होती, शिवाय सोशल सिक्युरिटीत आणि उद्या घराच्या लोनला दाखवायच्या पगारातही मोठा आकडा दिसतो. म्हणून जादा तासांचा रेट काय, हे आधी विचारा, आणि तोही लिहून.

स्टायपेंडवर टॅक्स नाही हे ऐकून सगळ्या खूश होतात, पण तो टॅक्स-फ्री तेव्हाच जेव्हा तुमचं खरं टॅक्स होम आहे, म्हणजे एका ठिकाणी घराचा खर्च तुम्ही खरोखर भरताय आणि असाइनमेंटच्या गावी दुसरा खर्च होतोय. अपार्टमेंट सोडून दिलं, सामान मैत्रिणीच्या गराजमध्ये टाकलं आणि पत्ता तिचा लावला, याला टॅक्स होम म्हणत नाहीत. मिरजेतलं आईवडिलांचं घरही नाही. "५० मैलांपेक्षा लांब असलं की झालं" असं रिक्रूटर सर्रास सांगतात, तसा आयआरएसचा, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याचा, नियम नाहीये, ते हॉस्पिटलांचे आणि एजन्सींचे स्वतःचे नियम असतात. आणि एकाच जागी वर्षाच्या वर काम गेलं की ते तात्पुरतं राहत नाही, तेव्हा एक्स्टेन्शन घेताना महिने मोजा. ट्रॅव्हल नर्सेसचं काम करणारा सीपीए, म्हणजे इकडचा सीए, शोधा, त्याची फी वसूल होते.

पण माझं सगळ्यात कळकळीचं बोलणं पेशंट किती यावर आहे. पुण्यात बीएससी झाल्यावर मी ज्या वॉर्डात होते तिथे रात्री तीस-पस्तीस पेशंट आणि आम्ही दोघी सिस्टर, त्यामुळे टेक्सासमध्ये टेलिमेट्रीला सहा मिळाले तेव्हा मला ते सोपं वाटायला हवं होतं, पण तसं नसतं, इथे औषधाच्या प्रत्येक डोसचं स्कॅनिंग, चार्टिंग, ड्रिप, अलार्म, नातेवाईकांचे फोन सगळं एकटीवर, आणि लायसन्सही तुमचंच. कॅलिफोर्नियात नर्समागे पेशंट किती याचा कायदा आहे. १९९९ मध्ये पास झाला, २००४ पासून लागू. टेलिमेट्रीला जास्तीत जास्त चार, स्टेपडाऊनला (आयसीयूच्या खालची पायरी) तीन, आयसीयूला दोन, मेडसर्जला (साधा मेडिकल-सर्जिकल वॉर्ड) पाच, आणि हे ब्रेकमध्येसुद्धा पाळायचं. तिथल्या पहिल्या रात्री एक बाई आली आणि म्हणाली मी ब्रेक नर्स, तुझे पेशंट दे आणि जा जेवून ये. मला कळेना काय करावं. इतक्या वर्षांत कुणी माझे पेशंट हातात घेऊन मला जेवायला पाठवलं नव्हतं. मी अर्धा तास बसून पोळीभाजी खाल्ली, आणि परत आले तर सगळं जागच्या जागी होतं.

पण कॅलिफोर्निया नर्स कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या राज्यांच्या करारात, नाही. टेक्साससारख्या कॉम्पॅक्ट राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स असेल तर ॲरिझोना, कोलोरॅडो, नॉर्थ कॅरोलिना अशा ४० पेक्षा जास्त ठिकाणी चालतं, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओरेगनला वेगळं काढावं लागतं. आपण भारतात शिकलेल्या, त्यामुळे कॅलिफोर्नियाला कॉलेजकडून थेट कागद लागतात, कुठल्या विषयाचे किती तास, क्लिनिकल किती, सगळं भरून. माझ्या भावाने पुण्याला कॉलेजच्या ऑफिसात पाच चकरा मारल्या, कधी क्लार्क रजेवर, कधी शिक्का मारणारे साहेब मीटिंगला. काही महिने गेले त्यात. जायचंय असं वाटत असेल तर आत्ताच अर्ज करा, ऑफर आल्यावर नाही.

मॅनेजरचा इंटरव्ह्यूचा फोन येतो तेव्हा आपल्या मुली फक्त उत्तरं देतात, प्रश्न विचारत नाहीत. तुम्हीही विचारा ना. रात्री पेशंट किती, सीएनए (नर्सच्या मदतनीस) किती, फ्लोटिंगला, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्या युनिटला पाठवायला, पहिला नंबर ट्रॅव्हलरचा (ट्रॅव्हल नर्सचा) का आणि कुठल्या युनिटपर्यंत, ओरिएंटेशन किती तासांचं, चार्टिंगचं सॉफ्टवेअर एपिक आहे का सर्नर. आणि एक नक्की विचारा, ही जागा रिकामी का आहे. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलंय किंवा ॲरिझोनात हिवाळ्यात म्हातारी मंडळी राहायला येतात म्हणून गर्दी, हे ठीक. मॅनेजर अडखळली किंवा अर्धं युनिट ट्रॅव्हलरच आहे असं कळलं तर मी जात नाही, पैसे कितीही असोत. काही हॉस्पिटलं इंटरव्ह्यूच घेत नाहीत, सरळ ऑफर. अशा वेळी मी रिक्रूटरला सांगते की कुणाशी तरी बोलणं करून दे, नाहीतर नको.

रिक्रूटरचं म्हणाल तर दोन-तीन जण ठेवा, वेगवेगळ्या एजन्सीचे, आणि प्रत्येकाला स्पष्ट सांगा की माझ्या हो शिवाय माझं प्रोफाइल कुठेही पाठवायचं नाही, कारण एकाच जागेला दोघांनी पाठवलं तर हॉस्पिटल दोन्ही अर्ज बाजूला टाकू शकतं. हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून का ३० दिवसांनी, दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे काय, हेही विचारून ठेवा. माझा आत्ताचा रिक्रूटर मला आवडतो त्याचं कारण एकदा मी एका जागेला हो म्हणाले तेव्हा तो म्हणाला, तिथून माझ्या दोन नर्सेस मधेच सोडून आल्या, मी तुला पाठवणार नाही. त्याचं कमिशन गेलं त्यात. त्यानंतर तो एजन्सी बदलून दुसरीकडे गेला, मीही गेले त्याच्याबरोबर.

आणि हो, पहिला बाँड पूर्ण करूनच निघा, आणि निघण्याआधी एकाच स्पेशालिटीत निदान दोन वर्षं इकडचा अनुभव असू द्या. ट्रॅव्हलरला एक-दोन शिफ्टचं ओरिएंटेशन मिळतं, तिसऱ्या रात्री तुम्ही एकट्या असता.

सुट्टीचंही आधीच लिहून घ्या, सही करण्यापूर्वी. एका वर्षी मॅनेजर फोनवर "नो प्रॉब्लेम" म्हणाली होती आणि मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री ड्युटीवर होते, मुलगा व्हिडिओ कॉलवर पणत्या दाखवत होता. यंदा मी नरकचतुर्दशी ते भाऊबीज अशा तारखा कॉन्ट्रॅक्टमध्ये घालून घेतल्यात. मॅनेजरने विचारलं की एवढे दिवस कशाला, मी तिला एकेक दिवस समजावून सांगितला, तर ती म्हणाली भाऊबीजेचा दिवसही धरलायस ना यात? धरलाय.