मॅनिंग, रिव्हर्स आणि कॅन्टनचे दार

आज न्यू जर्सीतील आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत ईलाय मॅनिंग या अमेरिकन फुटबॉलपटूला कॅन्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या सन्मान दालनात, जागा मिळायला हवी का, यावरून असा वाद रंगला की डबे तसेच उघडे राहिले. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) सॅन दिएगो चार्जर्सने पहिल्याच क्रमांकावर निवडलेला हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू), तिथे खेळायची त्याची इच्छा नसल्याने, त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सकडे आला आणि त्याच्या बदल्यात चार्जर्सना फिलिप रिव्हर्स हा दुसरा क्वार्टरबॅक व काही ड्राफ्ट पिक्स (खेळाडू निवडण्याचे हक्क) मिळाले. त्या अदलाबदलीत फायदा कोणाचा झाला, हा प्रश्न इथे अजूनही धगधगतो.

सातत्य पाहिले तर रिव्हर्स सरस, हे मी मान्य करतो. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना जानेवारी २००८ ची उपांत्य लढत खेळणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर आहे. मॅनिंगचा साखळी सामन्यांतील हिशेब मात्र ११७ विजय आणि ११७ पराभव असा अगदी समसमान आहे, आणि समोरचा मित्र पुन्हा पुन्हा त्याच आकड्यावर बोट ठेवत होता.

पण फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, तोवर अपराजित असलेल्या पेट्रियट्सविरुद्ध, जर्सी धरून ओढणाऱ्यांच्या हातून निसटून त्याने लांब फेकलेला आणि डेव्हिड टायरीने हेल्मेटला दाबून धरलेला तो चेंडू कोणत्या रकान्यात मांडायचा? दोन सुपर बोल आणि दोन्हींत सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणाऱ्याला २०२५ मध्ये, पात्रतेच्या पहिल्याच वर्षी, हॉल ऑफ फेमच्या निवड समितीने बाहेर ठेवले, हे मला आजही पटलेले नाही.