सिकलसेल, संमतीचा कागद आणि माझी लेक

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात एका मुलाने माझ्यासमोर आठ पानांचा कागद ठेवला आणि शेवटच्या पानावर बोट टेकवलं. "ताई, इथे सही करा. तपासणीसाठी आहे." कागद इंग्रजीत होता. मी बारावी शिकलेली आहे, थोडंफार वाचता येतं. "स्टोरेज" आणि "जेनेटिक" हे दोन शब्द दिसले आणि मी पेन खाली ठेवलं.

माझी लेक तेरा वर्षांची. तिला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. तिचा एसएस पॅटर्न, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेला. आमचं गाव आरमोरी तालुक्यात, सगळा धानाचा पट्टा. दीड वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले. कोणी वात म्हणालं, कोणी मार लागला म्हणालं. डोळे पिवळे झाले की कावीळ म्हणून झाडपाला दिला. पाच वर्षं आम्ही असंच करत राहिलो. आजाराचं नाव कळलं ते शाळेतल्या तपासणीत. नळीत औषधाचं पाणी घेऊन त्यात बोटातलं रक्त टाकतात आणि मागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. तिच्या नळीतलं पाणी गढूळ झालं, मागची एकही रेघ दिसेना. त्या तपासणीत फक्त दोष आहे एवढंच कळतं. ती वाहक आहे की पीडित, हे पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या रक्ततपासणीवरून ठरलं. आम्ही दोघंही नवरा-बायको एएस निघालो, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेले, स्वतः आजारी नसलेले वाहक.

तेव्हा एकाने मला समजावलं, "चारातल्या एका लेकराला होतो. तुमची एक झाली, आता बाकीची चांगली होतील." हे साफ चुकीचं आहे. प्रत्येक बाळंतपणाला धोका नव्याने तितकाच असतो, चारात एक. हे मला धाकट्याच्या वेळी कळलं, पोटात सहावा महिना असताना. तो एएस निघाला, पण ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागलेली. गावात सगळ्यांची तपासणी झाली, ती चांगलीच गोष्ट. पण निकाल आले तेव्हा यादी सगळ्यांसमोर वाचली गेली. माझ्या भावाची मुलगी एएस. तिला आजार नाही, ती फक्त वाहक आहे. महिन्याभरात तिची ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलाची तर तपासणीच झाली नव्हती! तो एए, म्हणजे बिनदोषाचा, असता तर त्यांच्या एकाही लेकराला हा आजार झाला नसता. तपासणीच्या निकालाचं कार्ड जुळवून लग्न करा असं सांगतात, त्यामागचा हेतू मला पटतो. पण कार्ड कोणी कोणाला दाखवायचं, हे त्या पोरीने ठरवायचं होतं.

औषधाचं सांगते. हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचं कॅन्सरचं औषध. अमेरिकेत १९९८ साली मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी त्याला मंजुरी मिळाली. लेकीला ते सुरू झालं आणि तिचे अंग दुखण्याचे झटके खरंच कमी झाले. कॅप्सूल फुकट मिळते. पण या औषधाने रक्तातल्या पेशी घटू शकतात म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावंच लागतं. कधी मशीन बंद, कधी माणूस रजेवर. रोवण्याच्या दिवसांत एक चक्कर फुकट गेली की दोघांची मजुरी बुडते. भारतात हा आजार पहिल्यांदा सापडला १९५२ साली, नीलगिरीच्या डोंगरात. सिकलसेलसाठी सरकारचं देशभरचं मिशन सुरू झालं १ जुलै २०२३ ला. मधल्या काळातल्या किती लेकरांचे हातपाय वात म्हणूनच सुजले असतील!

नागपूरला गेलो ते तिच्या खुब्यासाठी. या आजारात हाडाचा रक्तपुरवठा अडतो आणि खुबा झिजतो. ती लंगडत चालायला लागली होती. उपचार व्यवस्थित झाले, त्यात काही बोलायला जागा नाही. कागद मात्र मी घरी घेऊन आले. माझा पुतण्या ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकतो. त्याच्याजवळ बसून दोन रात्री वाचून घेतला. तपासणी वेगळी होती आणि हा कागद वेगळा होता. उरलेलं रक्त साठवून त्यातली जनुकं वाचायची, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं, असं संशोधन होतं. संशोधन वाईट नाही. पण "तपासणीसाठी" असं सांगून सही घेणं वाईट आहे.

त्याच रात्री पुतण्याने मोबाईलवर दाखवलं, की अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये कॅसजेव्ही नावाच्या जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढतात, त्यांच्यात बदल करतात आणि परत देतात. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. तेव्हा ती बारा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्यांसाठी होती. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने १८ कोटींच्या वर. पैशाचं सोडाच, त्याआधी जबर केमो द्यावी लागते आणि पुढे मूल होण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे वाचून मी लेकीकडे पाहिलं. ती झोपली होती. उद्या असं काही आमच्यापर्यंत आलं, तर हे तिला कोण समजावणार? आणि माझ्या एकटीच्या सहीवर ते व्हावं का?

पुतण्यानेच शोधून काढलं, की आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संशोधनात बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची स्वतःची लेखी संमतीही घ्यावी लागते. तोवर आमच्या लेकीला कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढच्या तारखेला मी कागद परत नेला आणि मराठीत मागितला. थोडी कुरकुर झाली. मग एक डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी मराठी पानं काढून दिली आणि शेजारी बसल्या. मी वहीत लिहून नेलेलं विचारलं. नाही म्हटलं तर उपचार थांबतील का? नाव काढून टाकाल का? गावाचं आणि समाजाचं नाव छापून येईल का? मध्येच बाहेर पडता येईल का? काही सापडलं तर आम्हाला कळवाल का? चारांची उत्तरं त्यांनी नीट दिली. पाचव्याला म्हणाल्या, "एकेकाला कळवण्याची सोय यात ठेवलेली नाही, ताई." खरं बोलल्या म्हणून मला बरं वाटलं.

मग त्या लेकीकडे वळल्या. "तुला काही विचारायचंय, बेटा?"

"पुन्हा सुई टोचाल का?"

तिची शीर सापडत नाही. एका रक्ताला तीन-तीन वेळा टोचावं लागतं, हात काळानिळा पडतो. मॅडम म्हणाल्या, "आजचं उरलेलं ठेवू. दोन महिन्यांनी मात्र एकदा घ्यावं लागेल."

"उरलेलं ठेवा. दुसऱ्यांदा नको."

मला वाटलं, आता सगळाच कागद रद्द करतील. मॅडमनी थोडा विचार केला. असं चालतं का ते फोनवर कोणाला तरी विचारलं. मग दुसऱ्या रक्ताच्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी स्वतः सही केली आणि पेन लेकीच्या हातात दिलं. तिने शाळेत लिहिते तसं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. त्याखाली मी सही केली. एक प्रत मागून घेतली आणि ब्रह्मपुरीच्या गाडीला वेळ होता म्हणून दोघी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो.