काजरा आणि धोतरा : सत्तरी तालुक्यातील नोंदींची प्रगती

विषारी रानवनस्पतींच्या वहीत आजवर पाने, फुले आणि बहराचा काळ एवढेच लिहीत होतो. यंदा प्रत्येक झाडाचे विष मज्जासंस्थेत नेमके कोठे आघात करते, हेही नोंदवू लागलो आहे.

सर्वांत अधिक पाने अर्थातच काजऱ्याने, म्हणजेच कुचल्याने, व्यापली. समोरासमोर येणारी तुळतुळीत पाने आणि पानाच्या तळापासून निघणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा यांवरून हे झाड फळांविनाही ओळखता येते. पिकलेल्या नारिंगी फळाच्या टणक कवचात पांढरट गर असतो आणि त्यात करड्या, चपट्या बिया. भिंगाखाली बीवरची रेशमी लव केंद्राकडून कडेकडे निजलेली दिसते. धनेश हा गर खातात, माणसाला मात्र ही बी प्राणघातक ठरते.

बीमध्ये स्ट्रिक्नीन आणि ब्रूसीन ही अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त, तीव्र परिणाम करणारी रसायने) असतात. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन वेगळे केले. त्याची गुंतागुंतीची रचना मात्र १९४० च्या दशकात उलगडली आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी १९५४ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवले. मज्जारज्जूत ग्लायसिन हे रसायन स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशींना आवर घालते; स्ट्रिक्नीन ग्लायसिनच्या ग्राहींवर (पेशीवरील, त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या जागांवर) जाऊन बसते, हा आवर सुटतो, आणि साध्या आवाजाने वा स्पर्शानेही सर्वांगाचे स्नायू एकाच वेळी आखडतात. धनुर्वातात लक्षणे जवळजवळ अशीच दिसतात, कारण त्याचे विष ग्लायसिन बाहेर पडूच देत नाही. रुग्णाची शुद्ध बहुधा शाबूत राहते, ही बाब मला फार भयंकर वाटते.

धोतऱ्याची तऱ्हा निराळी. त्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन अ‍ॅसिटिलकोलीन या चेतापेशींच्या संदेशवाहक रसायनाच्या ‘मस्करिनिक’ नावाच्या ग्राहींना अडवतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी वेगावते, आणि येथे शुद्धच हरपून भ्रम होतो. म्हणूनच ‘विषारी’ या एकाच शिक्क्याखाली ही दोन झाडे नोंदवणे मला आता अपुरे वाटते.

आयुर्वेदात कुचला शोधन करून (विषारीपणा कमी करणारी प्रक्रिया करून) वापरतात, तरी ते काम जाणकार वैद्याचेच; हौशी अभ्यासकाने बी फोडू नये, चाखू नये, आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

पुढे कळलावी घेणार आहे. तिच्यातील कॉल्चिसीन ग्राहींवर नव्हे, तर पेशींतील सूक्ष्मनलिकांवर (पेशीला आधार देणाऱ्या व तिच्या विभाजनात लागणाऱ्या बारीक नळ्यांवर) परिणाम करते, त्यामुळे वहीत तिच्यासाठी नवा रकाना आखला आहे.