एकाच पलंगावर

रोम, मंगळवार रात्र

आज व्हिला जुलिया या संग्रहालयात पती-पत्नीची ती प्रसिद्ध शवपेटी पाहिली, एट्रस्कनांची, म्हणजे रोमनांच्या वर्चस्वाआधी मध्य इटलीत नांदणाऱ्या लोकांची. काचेभोवती चारही बाजूंनी फिरता येतं आणि मी फिरतच राहिले. जवळपास दोन मीटर लांबीचं, सगळं भाजलेल्या मातीचं काम. पलंग, पलंगावर गादी आणि गादीवर डाव्या कोपरावर रेललेली दोघं. ती पुढे, तो तिच्या मागे. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावरून आलेला. त्याची छाती उघडी, पाय अनवाणी. तिच्या डोक्यावर घट्ट बसणारी गोल टोपी, खांद्यांवरून पुढे आलेल्या लांब वेण्या, पायांत टोकं वर वळलेले जोडे. बदामी डोळे आणि ओठांवर हसू, दोघांच्याही तेच.

इ.स.पू. ५३० ते ५२०च्या सुमाराचं हे काम आहे, रोमजवळच्या चेर्वेतेरी या जुन्या एट्रस्कन शहराच्या दफनभूमीतलं. १८८१मध्ये सापडलं तेव्हा त्याचे सुमारे चारशे तुकडे होते. हे संग्रहालय उभं करणाऱ्या फेलिचे बार्नाबेई यांनी ते तुकडे मिळवले आणि मग सगळं जुळवलं गेलं. जवळून पाहिलं की सांधे दिसतात. तिच्या दंडावरून, त्याच्या पाठीवरून बारीक रेषा जातात. मला त्या आवडल्या. कुणीतरी चिकाटीने दोघांना पुन्हा शेजारी आणून बसवलंय.

कमरेपासून वरचं शरीर किती जिवंत आहे! खांदे, माना, बोटं, सगळं बोलतंय. कमरेखाली मात्र कारागिराचं मन लागलेलं नाही. पाय कापडाखाली चपटे होऊन जातात, जणू वळणच नाही. त्याला चेहरे आणि हात घडवायचे होते आणि ते त्याने मन लावून घडवले.

हात रिकामे आहेत, पण बोटं अशी वाकलेली आहेत की त्यांत एकेकाळी काहीतरी होतं हे लगेच कळतं. कुणी म्हणतं अंडं, कुणी डाळिंब, कुणी मद्याचा पेला. लूव्हरमध्ये याच घडणीची दुसरी शवपेटी आहे. कांपाना नावाच्या संग्राहकाला ती चेर्वेतेरीतच सापडली आणि १८६१मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याचा संग्रह घेतला तेव्हा ती पॅरिसला गेली. तिच्यात बायको नवऱ्याच्या तळहातावर सुगंधी तेल ओतते आहे असं मानतात. मृतासाठीच्या विधींमध्ये तेलाला स्थान होतंच. पण मला त्यातला साधा व्यवहारही दिसतो: हात पुढे कर, मी ओतते.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. तिने आधी विचारलं, ‘‘हे दोघं जेवायला बसलेत ना?’’ मी म्हटलं, हो, मेजवानीच आहे. तर म्हणाली, ‘‘म्हणजे ती वाढत नाहीये. जेवतेय.’’

आईचं सगळं आयुष्य पुरुषांच्या पंगती उठल्यावर उरलेल्या आमटीत भात कालवण्यात गेलं. त्यामुळे तिला ते एका नजरेत दिसलं. जे दिसायला मला निदान दहा लेख वाचावे लागले होते.


रोम, बुधवार

आईचं वाक्य डोक्यातून जात नाही. नेमकं हेच ग्रीकांना खटकलं होतं.

ग्रीक मेजवानीत कोचांवर रेलायचे ते पुरुष. त्यांच्यात बायका दिसल्या तर त्या बासरी वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या किंवा पैसे देऊन बोलावलेल्या. घरची बायको त्या खोलीत नसायची. रेलून जेवण्याची ती रीत एट्रस्कनांनी पूर्वेकडून आणि ग्रीकांकडून घेतली. कोच घेतले, उशा घेतल्या, पेले तर ग्रीक कुंभारांकडूनच मागवले. आणि मग कोचावर बायकोला शेजारी घेतलं.

इ.स.पू. चौथ्या शतकात थिओपोंपस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने यावर जे लिहिलं, ते वाचताना आजही संताप येतो. एट्रस्कन बायका वाटेल त्या पुरुषाशेजारी बसून जेवतात, मद्य पितात, आणि जन्मलेलं प्रत्येक मूल ते वाढवतात, बाप कोण हे माहीत नसलं तरी. स्वतःच्या नवऱ्याशेजारी बसून जेवणाऱ्या बाईबद्दल अशी कुजबुज पसरायला फार काही लागत नाही, हे कुठल्याही गावात वाढलेल्या बाईला माहीत असतं. रोमन लेखक लिव्हीनेही तीच रेघ ओढली आहे: राजघराण्यातल्या एट्रस्कन सुना मैत्रिणींबरोबर मेजवानीत रमलेल्या, आणि सद्गुणी रोमन लुक्रेशिया रात्री दिव्यापाशी दासींबरोबर सूत कातत बसलेली.

वाईट याचं वाटतं की एट्रस्कनांची स्वतःची बाजू सांगणारा एकही ग्रंथ उरला नाही. रोमन सम्राट क्लॉडियसने त्यांचा वीस भागांचा इतिहास लिहिला होता. त्याची पहिली बायको उर्गुलानिला ही एट्रस्कन कुळातली. तोही इतिहास गेला. उरले ते शिलालेख, दहा हजारांहून जास्त, पण बहुतेक अगदी छोटे, नावांपुरते. म्हणून तर थडग्यांतली ही जोडपी इतकी मोलाची. शेजाऱ्यांनी जे काही लिहून ठेवलं, त्याला त्यांच्या घरातून मिळालेलं उत्तर एवढंच आहे.

मात्र हेही लिहून ठेवते: हे श्रीमंत घरांतले लोक आहेत. तार्क्विनिया या एट्रस्कन शहराच्या थडग्यांतल्या भित्तिचित्रांत कोचांवर जोडपी आहेत तशी पेले भरणारी पोरंही आहेत. त्या पोरांच्या आया कुठे जेवत असतील, ते कुणी रंगवलेलं नाही.


गुरुवार, चेर्वेतेरीहून परत आल्यावर

बांदिताच्चाची दफनभूमी म्हणजे दगडात कोरलेलं गावच आहे. रस्ते, चौक, दोन्ही बाजूंना गवताने झाकलेली गोल टेकाडं आणि त्यांच्या पोटात खोल्या. तुफा हा ज्वालामुखीचा मऊ दगड, म्हणून एवढं कोरता आलं. आत शिरलं की छताला तुळया, दाराला चौकट, भिंतीकडेला पलंग, सगळं त्याच दगडातलं. आज आम्ही दोघंच होतो बराच वेळ. पाऊस पडून गेला होता आणि हे पुढे जाऊन हाका मारत होते, ‘‘अगं, इकडे बघ, इथे उशीसुद्धा कोरलीय.’’

काही पलंगांची उशाकडची बाजू घराच्या छपरासारखी त्रिकोणी असते, काहींना नुसते खांबांसारखे पाय. त्रिकोणी ते बाईचे, पायांचे ते पुरुषाचे. दाराबाहेरही खुणा ठेवायचे: पुरुषासाठी छोटा खांब, बाईसाठी छोटं घर. बाई म्हणजे घर, हे समीकरण तिथेही होतं तर. हे पाहून मला थोडं थांबायला झालं. एका कोचावर बसवणारे लोकही खुणा करताना पुन्हा घराकडेच वळले. पण मग वाटलं, अख्खं थडगंच घराच्या रूपात बांधणाऱ्यांनी घराचं चिन्ह बाईला दिलं, तर त्यात मान कमी आणि बंधन जास्त असं मी आजच्या डोळ्यांनी कशावरून ठरवावं?

उठावशिल्पांचं थडगं काचेतून पाहावं लागतं. मातुना घराण्याचं, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आसपासचं. भिंतींवर आणि खांबांवर घरातल्या वस्तू उठावात केल्या आहेत आणि रंगवल्या आहेत: दोरखंड, सुऱ्या, भांडी, पंखा, ढाली, पाळीव प्राणी. समोरच्या मुख्य कोनाड्यात जोडप्याचा पलंग, दोन उशा. पलंगापुढे पाय ठेवायचं आसन आणि त्यावर काढून ठेवलेल्या चपला. कोनाड्याखाली पाताळातला तीन डोक्यांचा कुत्रा आहे, पण माझी नजर चपलांवरून हलत नव्हती.


फ्लोरेन्स, शनिवार

बॉस्टनच्या संग्रहालयातल्या दोन शवपेट्यांचे फोटो पुन्हा काढून बसले आहे. व्हुल्ची या एट्रस्कन शहराच्या एकाच थडग्यातल्या, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपासच्या, दगडी. एका झाकणावर अर्न्थ तेत्निएस आणि रामथा विश्नाई, दुसऱ्यावर त्यांचा मुलगा लार्थ आणि सून थांखविल तार्नाई.

इथे मेजवानी नाही. ही जोडपी अंथरुणात आहेत. एकमेकांकडे तोंड करून कुशीवर, एका मोठ्या पांघरुणाखाली, हात एकमेकांभोवती. पांघरुणाखाली पायांचे आकार दिसतात. थडग्यासाठी इतकं उघड प्रेम कोरायला लावणारं घराणं कसं असेल? आईबापांचं तसं कोरलेलं पाहून मुलाने आणि सुनेनेही तसंच कोरून घेतलं असेल. मी यात फार वाचतेय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दोन पिढ्यांनी एकच गोष्ट मागितली, हे तर दगडावरच दिसतंय.

आणि नावं. रामथाच्या लेखात ती अर्न्थची बायको आहे हे आहे, पण ती विश्नाईच आहे, तेत्निएस नाही. सूनही तार्नाईच. बाईला स्वतःचं पहिलं नाव आणि माहेरचं कुळनाव, दोन्ही मरणापर्यंत. रोमन बाईला तर बहुधा वडिलांच्या कुळाचंच नाव स्त्रीलिंगी करून मिळायचं. ज्युलियस घराण्यातल्या सगळ्या मुली ज्युलिया. शिवाय एट्रस्कन लेखांत माणसाच्या बापाबरोबर कितीदा आईचंही नाव येतं.

थांखविल हे नाव वाचताना रोमच्या कथांमधली तानाक्विल आठवते. नाव तेच. लिव्ही सांगतो, तार्क्विनियाची ही बाई शकुन वाचू शकायची, तिच्याच आग्रहाने नवरा तिच्याबरोबर रोमला आला आणि पुढे राजा झाला. कथा किती खरी, तो वेगळा प्रश्न. पण असं नाव असणारी बाई नवऱ्याला वाट दाखवू शकते, हे रोमनांनाही पटण्यासारखं होतं.

आईला फोनवर हे सांगितलं. तिचं नाव लग्नात तांदळावर लिहून बदललं होतं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘‘रामथाच्या सासूला चालायचं का ते?’’ आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो.


वोल्तेर्रा, रविवार

इथलं ग्वार्नाच्ची संग्रहालय १७६१पासूनचं. मारिओ ग्वार्नाच्ची यांनी आपला संग्रह गावाला देऊन टाकला, त्यातून उभं राहिलेलं. रक्षापात्रांनी खोल्यामागून खोल्या भरल्या आहेत, सहाशेहून अधिक. बरीचशी अलाबास्टरची, कारण तो दगड इथल्याच डोंगरांत निघतो. प्रत्येक पात्राच्या झाकणावर रेललेली आकृती, पुरुषाच्या हातात वाडगा, बाईच्या हातात पंखा किंवा डाळिंब. बहुतेक झाकणांवर एकेकटी माणसं. काही चेहरे तर साच्यातून काढल्यासारखे. मी त्या खोल्या पटापट ओलांडल्या.

ज्यासाठी आले होते ते टेराकोटाचं एक झाकण आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचं. म्हातारं जोडपं. चेर्वेतेरीच्या हसऱ्या जोडप्यापासून चारशेहून अधिक वर्षं पुढे. दरम्यान रोमने एकेक एट्रस्कन शहर घेतलं होतं. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लोकांना रोमन नागरिकत्व मिळालं, भाषा लॅटिन होत गेली. म्हणजे ही दोघं त्या जगाच्या शेवटच्या पिढ्यांमधली.

आणि त्यांच्या चेहऱ्यांवर एकही सुरकुती वगळलेली नाही. गाल बसलेले, कपाळावर आठ्या, तिच्या ओठांच्या कडा खाली ओढलेल्या. तिचं अंग पुढे झुकलेलं, मान वर करून ती त्याच्याकडे रोखून बघते आहे. तो तिच्याकडे बघत नाही. कुठेतरी समोर, लांब.

हे म्हणाले, ‘‘कंटाळलेला दिसतो बिचारा.’’ मला ते मुळीच पटलं नाही. झाकणावर रेललेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतो, ही तिथली शेकडो वर्षांची रीत आहे. तो रीत पाळतोय. रीत तिने मोडली आहे. आजच्या सगळ्या खोल्यांमध्ये पाहुण्यांकडे पाठ फिरवून फक्त नवऱ्याकडे बघणारी दुसरी बाई मला दिसली नाही. ती काय विचारते आहे, की फक्त खात्री करून घेते आहे, यावर आम्ही तिथेच उभ्याने वाद घातला. यांचं म्हणणं, ती रागावली आहे. असेलही. इतक्या वर्षांच्या संसारात राग नसेल असं कोण म्हणेल? पण ज्याच्यावर रागावलोय त्याच्या इतक्या जवळ कुणी झुकत नाही.

कारागिराने तो चेहरा ओळखीच्या कुणावरून तरी घडवला असणार याबद्दल मात्र आमचं एकमत झालं. नाकाशेजारची ती सुरकुती नुसत्या कल्पनेने सुचत नाही.

उद्याची गाडी दुपारची आहे. सकाळी संग्रहालय उघडलं की पुन्हा जाणार, यावेळी त्याच्या बाजूने उभं राहून तिचा चेहरा बघायचाय. हेही येतो म्हणालेत.