तुम्ही विचारलेत म्हणून: तीन देव, की एक?

"तुम्ही ख्रिस्ती लोक एकच देव मानता, आणि नावे मात्र पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तीन घेता, मग तुमचे देव नेमके किती?" हा प्रश्न मला शाळेत मैत्रिणींनी विचारला, नोकरीत सहकाऱ्यांनी विचारला, आणि दरवर्षी दत्तजयंतीचा प्रसाद घेऊन येणारे शेजारचे काका तो अतिशय आपुलकीने विचारतात: "म्हणजे आमच्या दत्तमहाराजांसारखंच ना?" दारात उभ्या उभ्या मी आजवर "तसंच काहीसं, काका" म्हणत आले. ते उत्तर आपुलकीचे होते, पण खरे नव्हते. माझी सारी श्रद्धा ज्यावर उभी आहे, त्याविषयी असे अर्धवट उत्तर देत राहणे मला आता योग्य वाटत नाही.

देव एकच आहे. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदी होते, आणि परमेश्वर आपला देव आहे, तो एकच आहे, ही 'शमा' नावाची प्रार्थना त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होती. (आपल्या कोकणातले बेने इस्रायली समाजाचे लोक शतकानुशतके हिब्रू भाषेपासून दूर राहिले, तेव्हाही ही एक प्रार्थना त्यांच्या ओठांवरून गेली नाही, तिचे मोल किती असेल, हे यावरून कळावे.) असे कडवे एकेश्वरवादी लोक कोणा माणसाला देवाच्या शेजारी नेऊन बसवतील, ही कल्पनाच अशक्य वाटावी. तरीही येशूच्या मृत्यूनंतर आणि त्याच्या पुनरुत्थानाच्या साक्षीनंतर हेच लोक त्याच्या नावाने प्रार्थना करू लागले, त्याला प्रभू म्हणू लागले, आणि आपण एका देवाला सोडले आहे असे मात्र त्यांना कधीच वाटले नाही.

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासना संपताना पाळक आशीर्वचन उच्चारतात: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो. हे शब्द ख्रिस्ती धर्माचा पहिल्या पिढीतील प्रचारक पौल याने ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आहेत, आणि ते पत्र येशूच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिले गेले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे असूनही देव एकच, हा त्र्यैक्याचा सिद्धान्त पुढे कुणा सम्राटाने सभा भरवून घडवला, असे जे वारंवार सांगितले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. सिद्धान्ताची भाषा नंतर आली. त्या भाषेत जे मांडायचे होते, ते भक्तीत आधीच होते.

ती सभा इ. स. 325 मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील निकिया येथे, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पुढाकाराने भरली, हे खरे आहे. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू असे शिकवत होता की पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता अशीही एक स्थिती होती. वरवर पाहता हे मत एकेश्वरवादाला अधिक सोयीचे वाटते. परंतु सभेने ते नाकारले आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे ठरवले. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने त्याचे कारण मांडले, आणि ते मला आजही बिनतोड वाटते: पुत्र जर निर्मिलेला असेल, तर त्याची उपासना ही मूर्तिपूजाच ठरते, आणि जो स्वतः देव नाही तो आपल्याला देवाशी जोडू शकत नाही. वाद शब्दाचा दिसत होता, पण खाली प्रश्न तारणाचा, म्हणजे माणसाच्या पापातून सुटकेचा होता. तो 325 मध्ये मिटलाही नाही. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपर्यंत त्याची धग कायम राहिली.

मी काही वर्षे संडेस्कूलमध्ये शिकवत असे, तेव्हा मुलांना पाण्याचा दृष्टान्त देई: बर्फ, पाणी आणि वाफ ही रूपे तीन, पण वस्तू एकच. एके दिवशी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "मग येशू गेथशेमाने बागेत पित्याला प्रार्थना करत होता, तेव्हा बर्फ वाफेशी बोलत होता का?" त्या दिवसापासून मी तो दृष्टान्त सोडला. देव एकच असून तो निरनिराळ्या वेळी निरनिराळी रूपे घेतो, हे मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखले जात होते आणि चर्चने ते फार पूर्वीच बाजूला ठेवले होते. त्या मुलीने तेच कारण स्वतःच्या बुद्धीने शोधून काढले होते. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि पित्याची वाणी आकाशातून येत आहे. तिन्ही एकाच वेळी आहेत, आणि त्यांच्यात 'मी' आणि 'तू' असे बोलणे आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच द्यावेसे वाटते. दत्तात्रेयाच्या त्रिमुखी रूपात एकत्वाची जी ओढ आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्ये सोपवलेली असतात, तशी वाटणी पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यात नाही. निर्मिती पित्याची, तारण पुत्राचे आणि पवित्रीकरण आत्म्याचे, असे आम्हीही सोयीसाठी बोलतो, परंतु प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच असते. त्यांच्यातला भेद कामाचा नाही, तो केवळ नात्याचा आहे.

या भेदाला मराठीत आम्ही 'व्यक्ती' हा शब्द वापरतो, आणि अर्धा गोंधळ त्यातून होतो, असे माझे मत आहे. व्यक्ती म्हटले की तीन माणसे, तीन मने, तीन इच्छा डोळ्यांसमोर येतात. चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यालाही 'व्यक्ती'साठीच्या लॅटिन शब्दाची हीच अडचण वाटली होती. आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो ते नेमके सांगता येते म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प राहू नये म्हणून, असे त्याने लिहिले. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने सत्, चित् आणि आनंद या संकल्पनांतून त्र्यैक्याचे स्तोत्र रचले. ते मला अतिशय प्रिय आहे, परंतु सत् चित्‌ला 'तू' म्हणत नाही, एवढी उणीव मला त्यात जाणवते.

हे गूढ आहे, ते बुद्धीने कळायचे नाही, असे सांगून प्रश्न संपवणारे लोक मला भेटले आहेत, आणि तेव्हा मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्यांनी त्र्यैक्याविषयीच्या आपल्या शंका तिथल्या मठातील भगिनींपुढे आणि शिक्षिकांपुढे पत्रांतून निर्भीडपणे मांडल्या. आपल्या बुद्धीला जे पटले नाही, ते पटल्याचे त्यांनी भासवले नाही. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि 1922 मध्ये आयुष्य संपण्यापूर्वी ते काम पुरे केले. शंका विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे मला कुणी सांगितले तर मी त्यांचे नाव घेते.

माझ्यापुरते सांगायचे तर या सिद्धान्ताकडे मी 'देव प्रीती आहे' या बायबलमधील योहानाच्या वाक्यावरून पोहोचले. प्रीतीला कुणीतरी दुसरे लागते. देव अनादिकाळापासून एकटाच असता, तर जग निर्माण होईपर्यंत त्याला प्रीती करायला कुणीच नव्हते, आणि प्रीती करण्यासाठी त्याला आपली गरज होती, असे म्हणावे लागले असते. पण पिता पुत्रावर आत्म्याच्या ऐक्यात अनादिकाळापासून प्रीती करत असेल, तर आपली निर्मिती ही देवाची गरज नसून निव्वळ देणगी ठरते.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा रात्र रात्र तिच्या खाटेशी बसून मला एकही प्रार्थना धड म्हणता येत नव्हती. "हे पित्या" एवढे म्हणून मी थांबत असे. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. ज्याच्याकडे मी वळले होते तो पिता, ज्याने मला त्याला पिता म्हणायला शिकवले आणि जो स्वतः मरणातून गेला तो पुत्र, आणि माझ्या आत जो कण्हत होता तो आत्मा, हे त्या रात्री मला कुणी समजावून सांगितले नाही. पहाटे आईने डोळे उघडले आणि येशूने शिकवलेली, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होणारी प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितले, आणि ती मी शेवटपर्यंत म्हटली.