जुना पेंटियम, नवा डीव्हीडी ड्राइव्ह

गिरगावात माझं डीटीपीचं, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, छोटं काम आहे. तिथला पेंटियम फोर आणि विंडोज एक्सपी मी अजून जपून ठेवलाय, कारण जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती डबी) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला, लागतं आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या स्मरणिका उघडायच्या तर हेच मशीन. आतला आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलचा) डीव्हीडी ड्राइव्ह गेला, तेव्हा सेकंडहँड ड्राइव्ह लावून पाहिले. सगळ्यांच्या लेन्स थकलेल्या. शेवटी यूएसबीचा स्लिम ड्राइव्ह आणला.

केबल लावली की दिवा लागायचा, डिस्क फिरायला लागायची, टक्‌-टक्‌ आवाज यायचा आणि माय कम्प्युटरमधून ड्राइव्ह गायब! दुकानदाराचं एकच पालुपद: "दादा, ड्राइव्ह ओके आहे, मशीन बदला." लॅपटॉपवर ड्राइव्ह खरंच सुरळीत चालत होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

उत्तर ड्राइव्हच्या पोटावरच छापलेलं होतं: ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. जुना यूएसबी पोर्ट देतो जास्तीत जास्त अर्धा अँपिअर. डिस्कला पहिली गती देताना मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, नेमकी तिथेच बोंब. नव्या यूएसबी ३ पोर्टवर ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर आहे, शिवाय बरेच लॅपटॉप त्याहून थोडं सैल सोडतात. मग दोन तोंडांची वाय केबल आणली, दोन्ही तोंडं मशीनच्या मागच्या पोर्टांत खुपसली. पुढचे पोर्ट मी टाळतोच. कॅबिनेटमधली ती बारीक वायर मला कधी भरवशाची वाटली नाही. डिस्क फिरली आणि फिरत राहिली.

पण वेग बैलगाडीचा. एक्सपीने कोपऱ्यात फुगा दाखवला की हे हाय-स्पीड डिव्हाइस साध्या हबला, म्हणजे कमी वेगाच्या पोर्टला, लावलंय. माझा मदरबोर्ड इंटेल ८४५ चिपसेटचा, सुरुवातीचा, म्हणजे यूएसबी १.१. कागदावर १२ मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास. भरलेली डीव्हीडी कॉपी करायला तासाभराहून जास्त. लॅमिंग्टन रोडला यूएसबी २ चं पीसीआय कार्ड मिळालं, तेही आतून एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायची) वायर जोडायची सोय असलेलं. एक्सपीला सर्व्हिस पॅक आधीच टाकलेला होता, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागला नाही. आता वाचन झकास चालतं. राइट करताना मात्र करंट कमी पडू नये म्हणून अॅडॅप्टरवाला यूएसबी हब मध्ये घालतो.

तरी पेजमेकर फोटो सापडत नाहीत म्हणून ओरडायचाच. जुन्या फाइलींतले फोटो थेट सीडीवरून घेतलेले, त्यांच्या लिंका ई ड्राइव्हच्या. नव्या ड्राइव्हला मिळालं होतं एफ. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदललं, फोटो जागेवर.

एका गोष्टीला इलाज सापडला नाही. या मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मशीन कशावरून सुरू करायचं त्या बूट यादीत यूएसबी सीडी-रॉम नावाची चीजच नाही, त्यामुळे विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर हा ड्राइव्ह निरुपयोगी. म्हणून सेकंडहँडांपैकी त्यातल्या त्यात बरा आयडीई ड्राइव्ह पुसून, एक्सपीची सीडी वाचतो हे तपासून, कपाटात ठेवलाय.