नळ गेला की बाहेर

कॉलेज संपलं की नोकरी, पगार, लग्न यावर सगळे बोलतात, पण सोमवारी सकाळी नक्की कशासाठी उठायचं यावर कुणीच काही बोलत नाही. बालवाडीपासून आपला दिवस दुसरंच कुणीतरी आखून देत आलेलं असतं, शाळेची रिक्षा, घंटा, क्लास, मग इंजिनिअरिंगला पंच्याहत्तर टक्के अटेंडन्स, सबमिशन, ओरल, अगदी पीएलमधे, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, रात्र रात्र जागायचं तेसुद्धा शेवटी पेपरच्या तारखेला बांधलेलं असायचं. मग शेवटचा पेपर होतो, हॉस्टेलची गादी टेम्पोत पडते, आणि घरी आल्यावर मंगळवार आणि रविवार यांच्यात फरक उरतो तो एवढाच की रविवारी बाबा घरी असतात.

आमच्या बॅचचं तर आणखीनच अधांतरी. ऑफर लेटर आहे पण जॉइनिंग डेट नाही, "लवकरच कळवू" अशी मेल येते आणि तेवढ्यावर महिने जातात. म्हणजे विद्यार्थी नाही, नोकरदार नाही, बेकार म्हणावं तर तेही नाही, आणि शेजारच्या काकू गेटातनं विचारणार, "मग काय, सध्या घरीच का?" आता याला हो म्हणावं तर वाईट वाटतं आणि नाही म्हणावं तर मी त्यांच्यासमोर घरीच उभी असते.

असं मोकळं बसलं की रील्स बरोबर ताडतात. पहाटे पाचला उठा, बर्फाच्या पाण्याने तोंड धुवा, डायरी लिहा, एकवीस दिवसात सवय लागते. या एकवीस दिवसांचं मला फार हसू येतं, कारण लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीत खरोखर माणसांवर करून बघितलं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं, तर सवय अंगवळणी पडायला मधोमध धरून ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसात फरक केवढा तर कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यातच आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या लोकांना घड्याळाची वेळ दिलीच नव्हती, नाश्ता झाला की अमुक करायचं, असं रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीला ते काम टांगायचं होतं.

हे वाचलं आणि वाटलं, अरेच्चा, ही तर आमची आई. आईला टाइमटेबल नाही. कुकर झाला की देवपूजा, चपात्या झाल्या की ओटा, बाबा बाहेर पडले की चहाबरोबर पेपर, दिवेलागण झाली की एक चक्कर. घड्याळाकडे ती फारशी बघतच नाही, एखाद्या दिवशी सगळं तासभर पुढे सरकतं पण क्रम मोडत नाही. (आता यावरून आईचं किती छान चाललंय असं म्हणायची घाई नको, तिच्या दिवसाला घरातल्या सगळ्यांची कामं टांगलेली असतात आणि पाहुणे आले की पहिली कात्री तिच्या त्या चकरेलाच लागते. म्हणून रात्रीची भांडी आता मी घेतलीयेत, घासून झाली की झोपायच्या तयारीला लागायचं, मलाही एक खुंटी मिळाली.)

सकाळची खुंटी म्हणजे नळ. आमच्या गल्लीत पाणी सहा ते सातच्या मधे कधीतरी येतं, कधी ते त्याची मर्जी, आणि ते आलं की "अगं ऊठ, नळ आलाय" यापुढे कुठलाही अलार्म फिका आहे, स्नूझ नाही काही नाही. पिंप, बादल्या, कळशी भरायची आणि नळ गेला की घराबाहेर पडायचं, एवढाच नियम. फोन तोवर घ्यायचा नाही, कारण अंथरुणात लिंक्डइन उघडलं की कुणीतरी काहीतरी अनाउन्स करायला थ्रिल्ड असतंच आणि मग आपला दिवस तिथेच आडवा.

रात्री लवकर झोपायचा मात्र मी नादच सोडलाय. हॉस्टेलमधे दोन-अडीचला झोपणाऱ्या माणसाने दहाला लाईट बंद केला तर तो फक्त अंधारात जागा राहतो. उठायची वेळ साधारण एकच ठेवली आणि सकाळचा उजेड डोळ्यात गेला की झोप हळूहळू मागोमाग येते. आपल्या आतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्याला रोज जागेवर आणायचं काम हा उजेड करतो. हे घड्याळ पेशींमधे कसं चालतं ते शोधलं म्हणून २०१७ चं नोबेल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं, आणि शोधलं कुणावर तर पिकलेल्या केळ्यांवर बसतात ना, त्या बारीक माश्यांवर.

बाहेर पडून जायचं कुठे याला साताऱ्यात फार डोकं चालवायला लागत नाही, अजिंक्यतारा आहेच. मी त्याचे तीन भाव ठरवलेत, पूर्ण म्हणजे वर गडापर्यंत, अर्धा म्हणजे 'चार भिंती' स्मारकापर्यंत, आणि नावापुरता म्हणजे गल्लीच्या टोकाच्या टपरीपर्यंत जाऊन परत. तिन्ही धरायचे. पावसाळ्यात वर धुक्यात चार पावलांवरचं दिसत नाही तेव्हा घरात सूर्यनमस्कार, तेही जमतील तेवढे, बाराचा हट्ट नाही. आणि सूर्यनमस्कारावर तर आमच्या जिल्ह्याचा हक्कच आहे, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधे पोरांनाही घालायला लावायचे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते, आठवड्याला हं, म्हणजे बुधवारी पाहुण्यांनी खाल्लेली मिनिटं शनिवारी काढता येतात.

शिस्तीच्या नावाखाली लोक नेहमी अर्धंच सांगतात. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा आख्खा अध्याय आहे, त्यातलं ब्राह्ममुहूर्तावर उठावं हे फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला येतं. त्याच अध्यायात व्यायाम अर्ध्या ताकदीनेच करावा, तोही थंडीत आणि वसंतात, बाकीच्या ऋतूंत त्याहून बेताने, असंही लिहिलंय, ते मात्र आजवर एकाही काकांनी फॉरवर्ड केलेलं नाही.

दुपारचं सोपं आहे. जेवणं झाली, आई आडवी झाली की घर शांत होतं, तेव्हा लॅपटॉप उघडायचा आणि एसक्यूएलचा जो कोर्स चाललाय तो ती चहाला उठेपर्यंत करायचा. लाईट गेली तर वही. खाण्याबद्दल काय सांगू, मेसनंतर घरचं जेवण मिळतंय, त्यात सुधारणा करायला मी कोण.

आता खरी काळजी वेगळीच आहे. उद्या जॉइनिंगची मेल आलीच तर हिंजवडी नाहीतर बाणेरला कुठल्यातरी पीजीत जायचं, तिथे टाकीचं पाणी चोवीस तास, भांडी घासायला मावशी, दुपारी झोपणारी आई नाही, म्हणजे माझ्या सगळ्या खुंट्या इथल्या भिंतीतच राहणार. मैत्रीण गेलीये आधीच तिकडे, तिला परवा फोनवर विचारत होते, रूमची खिडकी पूर्वेला आहे का, डबा किती वाजता येतो, खाली चालण्यासारखा रस्ता आहे का. ती म्हणाली, "अगं, लोक आधी डिपॉझिट आणि वायफाय विचारतात." ते विचारीनच, पण डब्याची वेळ बघून सांग म्हटलं.